चोर दिसतो, पण ओळखू येत नाही: घरच्या कॅमेऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

घर, सोसायटी आणि दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीबद्दल आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक, चित्रण आहे पण चेहरा कळत नाही. दुसरी, चेहरा कळतो पण पुढे काहीच होत नाही. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत. कायद्याची कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांमधली आहेत.

पार्किंगमध्ये दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आहेत. मध्यरात्री दोघांनी इको गाडीचा सायलेन्सर खोलून नेला. सगळं रेकॉर्ड झालंय, पण पोलीस म्हणतात चेहरा दिसत नाही. झूम केलं की नुसते चौकोन. महागडे कॅमेरे घ्यावेत का?
(डोंबिवली)

आधी आहेत त्यातला एक कॅमेरा कमी उंचीवर आणा, नवे घ्यायचं नंतर बघू.

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्याजोगा दिसायला दृश्याच्या रुंदीत दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ‘हाच तो’ म्हणून कळायला १२५ पुरतात, आणि कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं दृश्य साडेसात मीटरपेक्षा रुंद झालं की चेहरा हातातून गेला. बाजारात सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स ही रुंदी तीन मीटर अंतरावरच गाठते. दहा मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा जेमतेम बारा पिक्सेलचा उरतो. त्यात कुठलं सॉफ्टवेअर नाक-डोळे आणणार?

म्हणून सगळे कॅमेरे ‘पूर्ण पार्किंग दिसावं’ म्हणून लावू नका. तीन तसे राहू द्या. चौथा फक्त चेहऱ्यासाठी ठेवा, आणि तोही माणसाला जिथून जावंच लागतं तिथे: गेटमधलं छोटं दार, जिन्याचं तोंड, लिफ्टची लॉबी. त्याला चार मिलिमीटरची लेन्स असेल तर सुमारे चार मीटरपर्यंत आणि सहाची असेल तर सात मीटरपर्यंत चेहरा मिळतो. उंची सात ते आठ फूट. बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्याला टोपीचा शेंडा दिसतो, टोपीखालचा माणूस नाही. ‘खाली लावला तर कुणी फोडेल’ ही भीती असते. पण फोडायला हात वर करणाऱ्याचा चेहरा त्यात आधी येतो, आणि चित्रण डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात असतं, कॅमेऱ्यात नाही.

रात्रीचा दोष बहुधा शटरचा असतो. उजेड कमी झाला की कॅमेरा आपोआप शटर एक पंचविसांश सेकंदापर्यंत मंदावतो. तेवढ्या वेळात चालणारा माणूस साडेपाच सेंटीमीटर पुढे सरकतो आणि चेहरा पुसट होतो. चेहऱ्याच्या कॅमेऱ्याचं शटर सेटिंगमध्ये जाऊन एक शतांशवर पक्कं करा आणि त्या जागी दहा-बारा वॅटचा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवा. दिव्याशिवाय नुसतं शटर वेगवान केलं तर चित्र काळं पडेल. कॅमेऱ्याच्या फूटभर बाजूला भिंत किंवा छज्जा असेल तर त्याचा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश त्यावर आपटून सगळं दृश्य पांढुरकं होतं. कोळ्याच्या जाळ्यानेही तेच होतं. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा कोरड्या फडक्याने झटका.

आणखी एक तपासा, कारण हे फार ठिकाणी निघतं. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असतो, पण स्वस्त डीव्हीआर ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ या पद्धतीने साठवतो, म्हणजे रुंदीतले निम्मे पिक्सेल टाकून देतो. लाइव्ह चित्र छान दिसतं आणि रेकॉर्डिंग फिकं, असं असेल तर दोष तिथे आहे. रेकॉर्डिंग मुख्य स्ट्रीमवर (पूर्ण दर्जाचं) आहे की सब-स्ट्रीमवर (हलक्या दर्जाचं), हेही बघा.

तुमच्या चोरांचा चेहरा आता मिळणार नाही. पण ते कोणत्या वाहनाने आले, कुठल्या दिशेने गेले आणि किती वाजता, हे तुमच्या चित्रणात असेल तर गुन्हे प्रकटीकरण पथक रस्त्यावरच्या पुढच्या कॅमेऱ्यांवरून माग काढू शकतं. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात म्हणून तो जातो. चोरणाऱ्या टोळ्या एका रात्रीत एका गाडीवर थांबत नाहीत, तेव्हा आसपासच्या तक्रारी एकत्र जोडायला सांगा.

मी सोसायटीचा सचिव आहे. चोरीनंतर मॉनिटरवर चाललेलं फुटेज मोबाइलने शूट करून पोलिसांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. आता तपास अधिकारी ‘सर्टिफिकेट आणा’ म्हणतात. नक्की काय द्यायचं?
(पिंपळे सौदागर)

मोबाइलची क्लिप त्या रात्री पोलिसांना चेहरा दाखवायला ठीक होती. न्यायालयात तिचा उपयोग जवळपास नाही. पडद्याचं चित्रण हे मूळ नोंदीचं चित्रण असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप ते आणखी दाबून बारीक करतं.

पहिलं काम म्हणजे मूळ नोंद पुसली जाऊ न देणं. डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसत जातो. घटनेच्या वेळेची फाइल मेनूमधून लॉक करा. ती सोय नसेल तर डीव्हीआर बंद करून डिस्क काढून ठेवा आणि दुसरी बसवा. नवी डिस्क घालताना डीव्हीआर ‘फॉरमॅट करू का’ विचारतो. जुनी आतच असताना ‘हो’ म्हणून टाकलेल्या सोसायट्या आहेत.

मग डीव्हीआरच्याच यूएसबी खाचेतून बॅकअप घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, नाहीतर बरेच डीव्हीआर तो ओळखत नाहीत. या फॉरमॅटमध्ये एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून चित्रणाचे तुकडे पडतात. ते जोडत बसू नका. मूळ फॉरमॅटच ठेवा, एमपी४ मध्ये बदलू नका, आणि ते चालवणारा प्लेअर डीव्हीआर देत असेल तर तोही सोबत कॉपी करा. फक्त चोरीची पाच मिनिटं कापून देऊ नका. आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, आणि सर्व कॅमेऱ्यांचा द्या. टेहळणी करून गेलेला माणूस बहुधा त्या आधीच्या तासात बिनटोपीचा सापडतो.

प्रत्येक फाइलचं हॅश मूल्य काढा. संगणकात सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ निवडलं की ६४ अक्षरी आकडा मिळतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो, म्हणून ‘फुटेजमध्ये फेरफार केला’ या आरोपाला तोच उत्तर देतो. दोन पेनड्राइव्ह करा: एक पोलिसांना पोच घेऊन, दुसरा पाकिटात सीलबंद करून सोसायटीच्या कपाटात.

प्रमाणपत्र म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालचं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बी च्या जागी हे आलं आणि त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. भाग अ तुम्ही भरायचा: डीव्हीआरची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, तो तुमच्या कायदेशीर ताब्यात नेहमीच्या वापरात होता आणि नीट चालत होता हे निवेदन, हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं, तारीख, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ, ठिकाण, सही. भाग ब तज्ज्ञाचा असतो आणि तो मिळवणं तपास अधिकाऱ्याचं काम आहे. भाग अ वर सही त्याचीच हवी जो डीव्हीआर खरोखर सांभाळतो, कारण पुढे साक्षीला त्यालाच बोलावतील. वर्षातून एकदा येणाऱ्या तंत्रज्ञाला पुढे करू नका.

हे सोपस्कार वाटत असतील तर जालन्याचा खटला आठवावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चित्रणाची प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे.

डीव्हीआरचं घड्याळ अडीच तास पुढे निघालं. आता वकील म्हणतात केस पडेल.
(लातूर)

नाही पडत, चूक लपवली नाही तर. बरोबर अडीच तासांचा फरक म्हणजे डीव्हीआर चीनच्या वेळेवर, जीएमटी अधिक आठवर राहिला आहे; भारताची वेळ अधिक साडेपाच. घड्याळ लगेच दुरुस्त करू नका. आधी मोबाइलवर चालू वेळ दाखवून तो मॉनिटरशेजारी धरा आणि दोन्ही वेळा एकाच फोटोत घ्या. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘डीव्हीआर प्रत्यक्ष वेळेपेक्षा इतके तास, इतकी मिनिटं पुढे’ हे वाक्य लिहून घ्या. मग दुरुस्ती.

घड्याळ दर वेळी वीज गेल्यावर २००० किंवा १९७० सालात जात असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय. किरकोळ किमतीचा असतो, बदला. इंटरनेट असेल तर एनटीपी, म्हणजे वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सोय, चालू करा.

चोराचा फोटो परिसरातल्या ग्रुपवर टाकावा का? सगळेच टाकतात.
(नाशिक)

पोलिसांना विचारल्याशिवाय नको. कारण नुसतं सभ्यतेचं नाही, खटल्याचंही आहे. तुमच्याकडच्या वॉचमनने चोराला प्रत्यक्ष पाहिलं असेल तर त्याला ओळख परेडसाठी नेतील. तोच चेहरा त्याने ग्रुपवर पन्नास वेळा पाहिला असेल तर बचाव पक्ष म्हणणार की साक्षीदार गुन्हेगार नव्हे, फोटो ओळखतोय. आणि हा मुद्दा टिकतो. शिवाय आपला फोटो फिरतोय हे चोरालाही कळतं. माल विकून तो जिल्ह्याबाहेर जातो.

फोटोतला माणूस चोर नसला तर भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ आहेच. अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं. अफवेने काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले.

ग्रुपवर लिहायचंच असेल तर इतकं लिहा: अमुक रात्री अमुक वेळेत आपल्या गल्लीत चोरी झाली, ज्यांच्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे आहे त्यांनी दोन ते चार या वेळेचं रेकॉर्डिंग लॉक करून ठेवावं.

समोरचा दुकानदार त्याचं फुटेज द्यायला तयार नाही. जबरदस्ती करता येते का?
(ठाणे)

तुम्हाला नाही, पोलिसांना येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन ते मागवू शकतात. तुमच्या जबाबातच त्या कॅमेऱ्याचा उल्लेख करा आणि अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. दुकानांच्या डीव्हीआरमध्ये डिस्क छोटी असते. आठवड्याने गेलात तर तो मनापासून ‘घ्या’ म्हणेल आणि आत काही नसेल.

चोरटे घरफोडी करून डीव्हीआरच घेऊन गेले. त्याआधी खालच्या मीटरपेटीतून वीजही बंद केली. मग कॅमेऱ्यांचा उपयोग काय?
(कोल्हापूर)

टीव्हीखाली निळा दिवा लुकलुकणारा डबा ठेवला तर तो नेणारच. डीव्हीआर माळ्यावर किंवा कुलपाच्या जाळीदार लोखंडी पेटीत ठेवा. बंद पेटी नको, डिस्क तापून मरते. मॉनिटरच्या जवळ एक जुना बंद डीव्हीआर ठेवण्याची युक्ती काही तंत्रज्ञ सांगतात, वाईट नाही.

खरा उपाय म्हणजे एका कॅमेऱ्याचं चित्रण दुसरीकडेही साठणं. दाराचा एक कॅमेरा मेमरी कार्डवाला आणि क्लाउडवर क्लिप पाठवणारा घ्या. विजेचा हिशोब असा: चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून ३५ वॅटच्या आसपास खातात. ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, तो नवा असताना तासभर खेचतो. घरात इन्व्हर्टर असेल तर लाइन त्यावरच द्या. राउटरला विसरू नका. तो बंद पडला की क्लाउडही गेला. मीटरपेटीला कुलूप लावायचं असेल तर आग लागल्यास ते चटकन उघडता यावं, चावी कुणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक हवं.

मी न्यू जर्सीत, आई-वडील सांगलीत. घर बंद असताना कॅमेऱ्याचा अलर्ट माझ्या फोनवर येतो. चोर दिसला तर करायचं काय?
(एडिसन)

वेळ तुमच्या बाजूची आहे. सांगलीत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेतीन किंवा, उन्हाळ्यात, साडेचार असतात. तुम्ही जागे असता. पण अमेरिकेतून ११२ फिरवून सांगलीचा नियंत्रण कक्ष लागत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा आणि आपल्या ठाण्याचा लँडलाइन, ९१ २३३ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक आधीच साठवा आणि एकदा दिवसा लावून बघा. त्याच्या आधी दोन शेजाऱ्यांचे नंबर, ज्यांचा फोन रात्री सायलेंटवर नसतो असे. शेजाऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही, दिवे लावायचे आणि ११२ ला फोन करायचा.

कॅमेऱ्यात स्पीकर असेल तर मराठीत मोठ्याने ‘पोलीस निघालेत’ म्हणणं पुष्कळदा पुरतं. क्लिप लगेच डाउनलोड करा. क्लाउडची मुदत योजनेप्रमाणे संपते. तक्रार ईमेलने पाठवता येते, पण ती नोंदवून घ्यायची तर तीन दिवसांत सही लागते, तेव्हा फिर्यादी आई-वडिलांपैकी कुणी किंवा जवळचा नातेवाईक झालेला बरा. क्लाउडमधून क्लिप उतरवणारे तुम्ही असाल तर वर सांगितलेल्या प्रमाणपत्राचा भाग अ तुमच्या सहीचा. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० मध्ये आहे.

पासवर्ड बदललाय ना? तंत्रज्ञाने ठेवलेला ‘अ‍ॅडमिन’ आणि एक-दोन-तीन तसाच असेल तर तुमच्या आईचं स्वयंपाकघर तुमच्याशिवाय आणखी कुणीही बघू शकतं.

शेजाऱ्याचा कॅमेरा थेट आमच्या बेडरूमच्या खिडकीवर आहे. ‘चोरांसाठी लावलाय’ म्हणतो.
(मडगाव)

त्याला सेटिंगमधलं प्रायव्हसी मास्क दाखवा. दृश्यातला तेवढा भाग कायमचा काळा करता येतो, रस्ता तसाच दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे. तयार नसेल तर सोसायटीला लेखी द्या. स्त्रीचं खासगी क्षणातलं चित्रण झालं तर न्याय संहितेचं कलम ७७ लागतं आणि ते गंभीर आहे.

चोर पकडला, फुटेज स्वच्छ आहे. तरी वकील म्हणतात शिक्षेची खात्री नाही. असं कसं?
(छत्रपती संभाजीनगर)

फुटेज माणसाकडे बोट दाखवतं, खटला बहुतेकदा मुद्देमालावर उभा राहतो. चोरीनंतर थोड्याच काळात चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो तो चोर किंवा माल घेणारा, असं गृहीत धरण्याची मुभा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये न्यायालयाला आहे. पण सापडलेली वस्तू तुमचीच, हे तुम्ही दाखवायचं. पोलिसांनी सोनाराकडून साखळी हस्तगत केली आणि तुमच्याकडे ना बिल ना फोटो, तर ती कुणाचीही साखळी आहे. म्हणून दागिन्यांचे पट्टीशेजारी ठेवून फोटो, हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक असलेलं बिल, मोबाइलचा आयएमईआय, सायकलच्या चेसिसवर ठोकलेला नंबर हे आधीपासून एका फाइलमध्ये असावं.

फिर्यादीत रक्कम आणि जागा नेमकी लिहा. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून देतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. मात्र राहत्या इमारतीच्या आतून वस्तू गेली असेल तर न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, त्यात किमतीची अट नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. ‘बिल्डिंगमधून सायकल गेली’ असं मोघम न लिहिता ‘दुसऱ्या मजल्यावरच्या बंद जिन्यातून’ असं लिहा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ चा उल्लेख करून लेखी विचारा.

पोलीस डीव्हीआर जप्त करून नेतील का? आणि किती दिवसांचं फुटेज ठेवावं?
(नागपूर)

नेऊ शकतात. न्यायचाच असेल तर नुसती डिस्क न्यायची विनंती करा, अनुक्रमांक लिहिलेला जप्ती पंचनामा वाचून मगच सही करा आणि त्याची प्रत मागा. नंतर न्यायालयात अर्ज केला की वस्तू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळू शकते.

साठवणीचा हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (चित्रण दाबून साठवण्याची पद्धत) सेकंदाला दोन मेगाबिटने दिवसाला सुमारे २२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना एक टीबी अकरा दिवस पुरते, दोन टीबी तेवीस, चार टीबी सहा आठवडे. सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी किमान तीन आठवडे धरावेत, म्हणजे चार कॅमेऱ्यांना दोन टीबी. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या. संगणकातली जुनी काढून घातली तर चोवीस तासांच्या लिखाणाने ती लवकर जाते, आणि गेल्याचं कुणाला कळत नाही, कारण लाइव्ह चित्र चालूच असतं. दर रविवारी कालची कुठलीही दहा मिनिटं प्लेबॅक करून बघा.